चकरदहची उघडी पुकार

दिनांक ९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, जबलपूर शहरापासून अठरा किलोमीटरवर नर्मदेकाठी असलेल्या चकरदह घाटाच्या सहाही भोंग्यांवरून पुढील मजकूर मराठीत दोन वेळा ऐकवण्यात आला: "पनागरच्या विनता विष्णुपंत दाणी. वय बेचाळीस, हळदी रंगाची साडी, डाव्या हातात घड्याळ. आपण असाल तेथून चौकशीच्या खिडकीपाशी यावे. आपली बहीण वाट पाहत आहे." हा आवाज श्रीमती हेमलता शशिकांत डबीर, राहणार गढा, जबलपूर, यांचा होता. त्या वेळी श्रीमती डबीर घाटाच्या प्रवेशरांगेत उभ्या होत्या आणि त्यांचे तोंड मिटलेले होते.

शशिकांतरावांची भाची प्रणोती नागपूरहून दोन दिवसांसाठी आली होती. मामींनी जिथे अठरा वर्षे नोकरी केली तो घाट तिला पाहायचा होता, म्हणून निवृत्तीनंतर प्रथमच हेमलताबाई तिकडे फिरकल्या होत्या, आणि तेही इतर कुणाहीसारख्या, रांगेत उभ्या राहून. प्रणोतीने आधी खांबावरच्या भोंग्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"मामी, हा तुमचाच आवाज ना? बघा, जपून ठेवलाय हो त्यांनी. नाहीतर रिटायर झाल्यावर कोण कुणाला विचारतं?"

हेमलताबाई मनात वजाबाकी करीत होत्या. विनता दाणी या घाटावरून नाहीशी झाली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि हेमलताबाईंनी माइकवर एकतीस असेच म्हटले होते. तिच्या नावापुढे बेचाळीस हा आकडा त्यांच्या तोंडून कधीही गेला नव्हता. शिवाय त्या आवाजात आणखी एक गोष्ट खटकत होती. घशातली ती बारीकशी खरखर जशीच्या तशी होती, "हळदी"तल्या ळवरचा वऱ्हाडी जोरही होता, पण दोन वाक्यांच्या मध्ये श्वास नव्हता. बोलणारीला श्वासाची गरजच पडत नव्हती.

एवढ्यात डोहाच्या काठच्या साऱ्या होड्या एकदम सुटल्या. एकीतही प्रवासी नव्हता. एकामागून एक त्या संगमरवरी कड्यांच्या सावलीत शिरल्या आणि काठाकाठाने, वल्ही जवळजवळ न वाजवता, पाण्यात पाहत पाहत पुढे सरकू लागल्या. काचेच्या सज्ज्यावर शंभरेक माणसे खुर्च्या टाकून बसली होती. सगळ्यांचे मोबाइल वर होते. कुणी बोलत नव्हते.

प्रणोती कुजबुजली, "हा काही कार्यक्रम आहे का?"

कार्यक्रम नव्हता, निदान पूर्वी नव्हता. तो काय होता हे सांगण्यासाठी हेमलताबाईंची थोडी माहिती देणे भाग आहे.

त्या मूळच्या वर्ध्याच्या. मराठीत एम.ए., वर बी.एड. शशिकांतराव जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात फोरमन, म्हणून लग्नानंतर त्या इकडे आल्या आणि गढ्यातल्या गल्लीत दोन खोल्यांचा संसार थाटला. शहरातल्या एका मराठी शाळेत त्या बारा वर्षे शिकवत होत्या. पट घटत गेला, एकेक इयत्ता हिंदीत गेली आणि शेवटी शाळाच गेली. त्यांची स्वतःची मुलगी अवंती आईचे मराठी सगळे समजून घेते आणि उत्तर हिंदीत देते. मराठी शिकवायला कुणी उरले नाही तेव्हा, म्हणजे २००५ च्या हिवाळ्यात, चकरदह घाटावर मराठी बोलणारी बाई हवी असल्याचे त्यांच्या कानावर आले.

गरज खरी होती. दिवाळीच्या सुटीत नागपूर, अमरावती, यवतमाळच्या बसगाड्या घाटावर ओळीने लागत. हरवलेल्या म्हाताऱ्या बायकांना हिंदी पुकारण्यात स्वतःचे नावच ओळखू येत नसे. त्या दगडावर बसून राहत आणि भोंगा दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतो आहे असे समजत. हेमलताबाई खिडकीत बसू लागल्यापासून हे थांबले. नाव, गाव, जन्मतारीख, अंगावरचे कापड आणि वाट पाहणारे माणूस, एवढे त्या विचारून घेत. वाट पाहणाऱ्याचा उल्लेख त्या शेवटी करीत, कारण हरवलेले माणूस नाव ऐकून थबकते, पण पाऊल उचलते ते नाते ऐकून, असा त्यांचा अनुभव होता.

घाटावर या हाकेला पुकार म्हणतात आणि तिची एक रीत आहे. पुकार उघडली की ती बंद करावी लागते. माणूस सापडले की त्याच भोंग्यावरून "भेटले" असे जाहीर करायचे, आणि ते जाहीर होईपर्यंत किंवा अंधार पडेपर्यंत एकाही नावाड्याने होडी खुंट्याला बांधायची नाही. पुकार झाली की साऱ्यांनी डोहाची एक फेरी मारायची, काठ पाहायचा, पाणी पाहायचे. ही रीत कोणत्याही कार्यालयाने घातलेली नव्हती. डोहात भोवरा आहे आणि तो माणूस खाली ओढतो तेव्हा वर बुडबुडासुद्धा येत नाही, हे जाणणाऱ्या माणसांनी ती घातली होती. हेमलताबाईंच्या नोंदवहीत म्हणून दोन रकाने होते. डावीकडे पुकार उघडल्याची वेळ, उजवीकडे भेटल्याची. अठरा वर्षांत काही हजार माणसे त्या वहीत हरवली आणि सापडली. उजवा रकाना कोरा राहिला तो एकदाच.

२८ ऑक्टोबर २०१२, रविवार. पनागरच्या दाणींच्या दोघी बहिणी घाटावर आल्या होत्या. धाकटी शर्मिला चहा आणायला गेली. थोरली विनता कठड्यापाशी उभी होती. दोन पेले घेऊन शर्मिला परत आली तेव्हा कठड्यापाशी कुणी नव्हते. चार वाजून दहा मिनिटांनी पुकार उघडली. होड्यांनी अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारल्या. कुणी म्हणाले, हळदी साडीतली बाई नरसिंहपूरच्या बसमध्ये चढताना पाहिली. पाण्याने काही परत दिले नाही, बसनेही नाही. दुसऱ्या दिवशी कोजागिरी होती, गर्दी येणार होती. तेव्हाचे अधिकारी खिडकीत वाकून म्हणाले, "मॅडम, आता बंद करा ती पुकार. लोक घाबरतात." हेमलताबाई म्हणाल्या, "भेटली की करीन." ते अधिकारी पुढे बदलून गेले. रकाना कोराच राहिला.

त्यानंतरच्या वर्षांत घाट सुधारला, आणि तो चांगला सुधारला हे नमूद करणे न्यायाचे होईल. पायऱ्यांनाही कठडे आले, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आला, बायकांना कपडे बदलण्याच्या खोल्या आल्या, प्रथमोपचाराला परिचारिका आली. मग काचेचा सज्जा आला, रंगीत दिवे आले, आणि सगळी व्यवस्था एका खाजगी कंपनीकडे गेली. २०२३ च्या नोव्हेंबरात कंपनीने हेमलताबाईंना तीन दिवस भिंतींना गादी लावलेल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसवून हजारभर वाक्ये वाचून घेतली. आठवण म्हणून ठेवतो, असे सांगितले. कागदावर सही घेतली. मराठीची एम.ए. असलेल्या या बाईंनी आयुष्यात न वाचता सही केलेला तो एकमेव कागद, कारण तो त्यांच्या गौरवाचा आहे असे त्यांना वाटले होते. नोंदवह्याही नेल्या. डिसेंबरअखेर खिडकी रिकामी झाली.

आता खिडकीत यंत्र बसते. जुन्या वह्यांतली प्रत्येक ओळ त्याला भरवली आहे. ज्या ओळीचा उजवा रकाना कोरा, ते माणूस यंत्राच्या लेखी अजून हरवलेले आहे. म्हणून यंत्र रोज, मूळ नोंदीच्या वेळेला, विनताला हाक मारते. जन्मतारीख वहीत होतीच. वय ते स्वतः मोजते.

हे सगळे हेमलताबाईंना त्या शुक्रवारी कळले ते तुळशीरामकडून. तुळशीराम नावाड्यांतला सर्वांत वडील. होडी काठाला लावून तो वर आला आणि पायरीवर बसला.

"दीदी, आप तो घर बैठ गईं, आवाज यहीं छोड़ गईं."

"तुळशीराम, ती मी नाही. मशीन आहे."

"मालूम है. सबको मालूम है." त्याने पंच्याने मान पुसली. "पर पुकार तो पुकार है ना. एक दिन नहीं गए, और उसी दिन सच में कोई हुआ तो?"

"आणि ही माणसं? खुर्च्या टाकून काहून बसून राहिली?"

"अब तो पर्चे में छप गया है, दीदी. चार बजे की नाव-फेरी. पहले हमको चाय को नहीं पूछते थे, अब सफेद टोपी दी है." टोपी त्याने खिशातून काढून दाखवली आणि पुन्हा ठेवून दिली.

हेमलताबाईंनी १२ फेब्रुवारीला अर्ज केला. तीन पाने, क्रमांक घातलेले मुद्दे. विनता दाणी यांची नोंद यंत्रातून काढावी, अर्जदाराचा आवाज वापरू नये, नोंदवही परत मिळावी. वाचणाऱ्याला संदर्भ कळावा म्हणून त्यांनी पुकारीची रीत सविस्तर मांडली आणि एक वाक्य असेही लिहिले की, उघडलेली प्रत्येक पुकार यथाकाल बंद झालीच पाहिजे, ती उघडी ठेवून रोज उच्चारणे हे घाटाच्या परंपरेला धरून नाही. अर्ज निर्दोष होता. त्यांच्या शाळेतल्या एखाद्या मुलीने लिहिला असता तर त्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

उत्तर आले नाही. त्या चौकशीला गेल्या तेव्हा खिडकीशेजारच्या बाकावर एक बाई बसली होती. पस्तिशीची, मांडीवर पिशवी, नजर उताराकडे. हेमलताबाईंनी तिला चेहऱ्यावरून ओळखले नाही, बसण्यावरून ओळखले. त्या दिवशीही ती अशीच, बाकाच्या टोकाला, शेजारची जागा मोकळी ठेवून बसली होती.

"शर्मिला?"

"हो काकू. आमच्या पनागरचे लोक सहलीला आले होते, त्यांनी सांगितलं, तुझ्या ताईला पुकारून राहिले म्हणून. दुकान बंद करते आणि येते." पनागरला तिचे भाजीच्या बियाण्यांचे दुकान होते. तिथून दोन गाड्या बदलून ती आठ दिवस रोज येत होती.

"अगं, ते मशीन आहे."

"माहीत आहे ना. माझ्या मोबाइलमधली बाई पण बोलते, डावीकडे वळा म्हणते. मला काय तेवढं कळत नाही?" ती किंचित हसली. "पण 'आपली बहीण वाट पाहत आहे' म्हणतात, काकू. मग बहीण नको का इथं? खोटं पडेल ना ते."

चार वाजून दहा झाले. श्वास नसलेला तो आवाज दोघींच्या डोक्यावरून गेला. शर्मिलाने पदर सारखा केला, जसा कुणी येणार असेल तर करतात.

३ मार्चला रविवार होता. हेमलताबाई त्या दिवशी घाटावर गेल्या नव्हत्या; शर्मिलाच संध्याकाळी गढ्यात त्यांच्या दारात उभी राहिली. हातात खोव्याच्या जलेबीचा पुडा होता.

"आज ताईचा वाढदिवस. घरात कुणाला आठवण नाही, काकू. बाबा पण विसरले. तुमच्या मशीनला होती. आज बेचाळीस नाही म्हणालं. त्रेचाळीस म्हणालं."

शशिकांतरावांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ती गेल्यावर ते म्हणाले, "हेमा, हे ऐकून अंगावर काटा येऊन राहिला माझ्या. तू त्या कंपनीत जाऊन बोल. अर्जाबिर्जाचं काम नाही हे."

त्या गेल्या. घाटाचा व्यवस्थापक अनुपम तिशीचा, बोलायला गोड. खुर्ची दिली, पाणी मागवले, अर्ज त्याच्या टेबलावरच होता. एका वाक्याखाली पिवळी रेघ होती.

"दीदी, बहुत अच्छा लिखा है आपने. हमें तो ये सब मालूम ही नहीं था."

"मग बंद कधी करता?"

"वही तो कर रहे हैं. देखिए, लोग भी यही लिखकर जा रहे हैं कि चार बजे वाला मन को छूता है, पर अधूरा लगता है. नाव गई, आई, फिर क्या? आपने ही तो समझाया, हर पुकार बंद होनी चाहिए." त्याने पिवळ्या रेघेवर बोट ठेवले. "बस, अगले महीने से हो जाएगी."

हेमलताबाई घरी आल्या त्या समाधानाने. त्यांनी शशिकांतरावांना सांगितले की पोरगा सभ्य आहे, वाचतो. आपण काय मंजूर करून आलो हे त्यांना पाच आठवडे कळले नाही.

दिनांक ११ एप्रिल २०२४, गुरुवार. चार वाजून दहा मिनिटांनी पुकार नेहमीप्रमाणे झाली. होड्या सुटल्या. आणि चार वाजून पंचवीस मिनिटांनी भोंगे पुन्हा बोलले: "पनागरच्या विनता विष्णुपंत दाणी भेटल्या आहेत. नावाड्यांनी होड्या बांधाव्यात. सहकार्याबद्दल आभार." सज्ज्यावर टाळ्या झाल्या. काही माणसे उठून उभी राहिली, काहींनी डोळे पुसले. नावाड्यांनी होड्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी विनता दाणी पुन्हा हरवली आणि चार वाजून पंचवीस मिनिटांनी पुन्हा भेटली. तेव्हापासून ती रोज हरवते आणि रोज भेटते.

शर्मिलाने हे येऊन सांगितले तेव्हा ती रडत नव्हती, हीच गोष्ट हेमलताबाईंना जास्त लागली. ती फक्त विचारत होती.

"ते 'भेटल्या' म्हणालं की मी उठते, उतारापर्यंत जाते. बघते. मग वाटतं, आज उशीर झाला असेल तिला, आज दुसऱ्या वाटेनं गेली असेल."

"शर्मिला, ती भेटलेली नाही. हे त्यांनी जोडलंय. माझ्या अर्जामुळे जोडलंय, माझी चूक आहे."

"असेल हो. मला डोक्यात कळतं सगळं. पण काकू, तुम्ही माइकवर कधी खोटं बोलल्या नाही. तेव्हा त्या साहेबांनी सांगितलं होतं, मी तिथंच उभी होते, तरी तुम्ही नाही बोलल्या. बारा वर्षं मी त्याच्यावर राहिली. काकूंनी बंद नाही केली, म्हणजे आहे कुठेतरी. आता तुम्ही म्हणता भेटली. मग मी काहून नाही मानायचं?"

१९ एप्रिलच्या शुक्रवारी हेमलताबाई एकट्याच गढ्याहून निघाल्या. ऊन उतरलेले नव्हते. काचेच्या सज्ज्यावर जागा नव्हती, म्हणून त्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या. काचेखाली चाळीस हातांवर डोह होता, हिरवा आणि अगदी स्थिर, मधोमध तो सावकाश फिरणारा भोवरा. चार वाजून दहा झाले. त्यांच्या आवाजाने विनताला बोलावले. होड्या कड्यांच्या सावलीत शिरल्या. वर शंभर माणसे गप्प. हेमलताबाईंना एकदा वाटले, आपण इथे उभ्या आहोत हेच खोटे आहे, आपण त्या भोंग्यात आहोत, आणि हे जे कठड्याला धरून उभे आहे ते कुणीतरी मागे विसरून गेलेले माणूस आहे.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी भोंगा बोलला. "भेटल्या" या शब्दावर त्यांचा आवाज अठरा वर्षे किंचित वर जात असे, कारण त्यांना तो शब्द उच्चारताना प्रत्येक वेळी आनंद होई. यंत्राने तेही उचलले होते. तो आनंद जसाच्या तसा होता. त्याच क्षणी हेमलताबाई शाळेतल्या, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "विनता दाणी भेटलेल्या नाहीत. कुणीही होडी बांधू नये."

माणसांनी भोंग्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. आवाज एकच होता. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "अरे, ये तो वही हैं. असली वाली." कुणीतरी मोबाइल त्यांच्याकडे वळवला. त्या पुन्हा म्हणाल्या, "भेटलेल्या नाहीत." तेव्हा टाळ्या सुरू झाल्या, रोजच्यापेक्षा जास्त वेळ, आणि त्यांचे तिसऱ्यांदा म्हणणे त्यांना स्वतःलाही ऐकू आले नाही. खाली बाकीच्या होड्या बांधल्या गेल्या होत्या. तुळशीरामने दोर हातात धरला होता. तो एकदा खांबाकडे पाही, एकदा कठड्याकडे. त्याने दोर बांधला नाही आणि सोडलाही नाही.

त्या उताराने खाली आल्या. शर्मिला खिडकी आणि उतार यांच्या मधोमध उभी होती.

"दोन्ही तुम्हीच बोलल्या, काकू," ती म्हणाली. "मी कोणतं खरं धरू?"

हेमलताबाईंनी सांगितले. हात धरून, दोनदा सांगितले. शर्मिलाने मान हलवली, पण तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे, वर चढून येणाऱ्या वाटेकडे होती. ती अजूनही रोज येते. हेमलताबाईंचे दुसरे, तिसरे आणि चौथे निवेदन पोचल्याची पावती मिळाली आहे.

वाचकहो, आपण चकरदहला जाल. जागा सुंदर आहे, सोयी चांगल्या आहेत. चार वाजून पंचवीस मिनिटांनी टाळ्या वाजवू नका. खिडकीवर जा, अभिप्रायाची वही मागा आणि तीत आपल्या नाव-गावासह लिहा: विनता विष्णुपंत दाणी भेटलेल्या नाहीत.